पहिल्या रकान्यातलं नाव

धनेशाची घरटी शोधायची, त्यांची नोंद ठेवायची आणि ती झाडं उभी राहावीत म्हणून जमीनमालकांशी बोलत राहायचं, हे माझं काम. सह्याद्रीच्या पायथ्याचा दोडामार्गापासून आंबोलीच्या खालच्या गावांपर्यंतचा पट्टा आमच्याकडे असतो. नोंदीच्या तक्त्यात रकाने पुष्कळ आहेत: झाड कुठलं, खोडाचा घेर किती, ढोली जमिनीपासून किती उंच, तिचं तोंड कोणत्या दिशेला, जमीन कोणाच्या नावावर. पहिला रकाना मात्र जातीचा. तो नीट भरला तरच पुढच्या आकड्यांना अर्थ येतो. त्या एका रकान्यामागे अडीचशे वर्षांची मेहनत आहे आणि ती अजून संपलेली नाही, हे मला काम करता करता कळत गेलं.

वर्गीकरण म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर संग्रहालयातले कप्पे आणि लॅटिन नावांच्या याद्या येतात. रानात फिरणाऱ्यांपैकीही कितीतरी जण म्हणतात, नाव काहीही असो, पक्षी बघितला म्हणजे झालं. मला ते पटत नाही. कोणता पक्षी कोणाचा नातलग, ही गोष्ट ढोलीखाली बसल्यावर फार जवळची वाटायला लागते.

सिंधुदुर्गात आणि गोव्यात धनेशाच्या चार जाती एकाच टापूत सापडतात. सगळ्यांत मोठा महाधनेश. तीन-चार फूट लांबीचा, भली थोरली पिवळी चोच, तिच्यावर पुढे दोन टोकं आलेलं पोकळ शिरस्त्राण. शेपटीच्या बुडाशी असलेल्या ग्रंथीतलं पिवळं तेल तो चोचीनं पिसांना लावतो, म्हणून पंखातला पांढरा पट्टा आणि मान पिवळसर दिसते. तो येतो तेव्हा आधी पंखांचा घुसमटलेला, जोरकस घोष ऐकू येतो, मग पक्षी दिसतो. उड्डाणपिसांच्या बुडाशी पंखाखाली जी ताठ आच्छादनपिसं इतर पक्ष्यांना असतात ती मोठ्या धनेशांना नाहीत. त्यामुळे पिसांमधल्या फटींतून हवा आवाज करत जाते. दुसरा मलबारी कवड्या धनेश. काळापांढरा, शिरस्त्राणावर काळा डाग, कोकणात त्याला ककणेर म्हणतात. तिसरा मलबारी राखी धनेश, आकारानं घारीहून लहान, शिरस्त्राण नाहीच, आणि हसण्याचा आवाज असा की नवखा माणूस दचकून मागे बघतो. चौथा साधा राखी धनेश, चोचीवर छोटं टोकदार शिंग असलेला. पुण्या-नागपूरच्या बागांत आणि रस्त्याकडेच्या वडा-पिंपळांवर जो दिसतो तो हाच.

पौष सरत आला की नर-मादी जोडीनं ढोल्या बघत हिंडतात. धनेशाला ढोली कोरता येत नाही; चोच मोठी असली तरी ती सुताराची चोच नव्हे. फांदी मोडून, खोड कुजून किंवा सुतार पक्ष्यानं कोरून तयार झालेली ढोली मिळावी लागते, आणि महाधनेशाएवढ्या पक्ष्याला मावेल अशी ढोली फक्त म्हाताऱ्या झाडांत असते. आमच्याकडे बेहडा, सातवीण, आंबा. एकदा मादी आत गेली की रानात एकटे नर दिसायला लागतात, आणि खरं काम तिथून सुरू होतं. आमच्यासोबत असणारे वाडीतले काका जन्मभर याच डोंगरात गुरं घेऊन फिरले. पहिल्याच हंगामात मी दुर्बीण घेऊन एकेका बेहड्याचं खोड न्याहाळत बसले तेव्हा ते म्हणाले, “गो बाय, झाडाकडे कित्या बघतंस? तेची येवची वेळ धर.” तेच आजही आमचं तंत्र आहे. फळलेल्या उंबरापाशी बसायचं, नर पोटभर खाऊन कोणत्या दिशेनं गेला ते टिपायचं, दुसऱ्या दिवशी त्या दिशेला पुढच्या सड्यावर जाऊन बसायचं. असं करत करत ढोलीपर्यंत पोचतो.

ढोलीपाशी पोचल्यावर मी काय बघते ते सांगते. एका खासगी रानातला बेहडा, ढोलीचं तोंड खोडाच्या वाकलेल्या भागात. ते तोंड आता जवळजवळ बंद आहे. मादीनं आत बसून स्वतःची विष्ठा, फळांचा गर, सालींचा चोथा चोचीच्या कडेनं थापून थापून भिंत घातलेली आहे. चोचीची बाजू थापीसारखी फिरते, टप टप असा आवाज खाली बसलेल्या माणसालाही येतो. वाळल्यावर ती भिंत इतकी घट्ट होते की नख रुतत नाही. मधे एक उभी फट राहते. नर येतो, खोडाला नख्या रोवून बसतो, मान झटकतो आणि घशातून एक उंबर वर आणतो. चोचीच्या अगदी टोकात धरलेलं ते फळ फटीपाशी नेतो. आतून दुसरं चोचीचं टोक येतं, फळ घेतं, नाहीसं होतं. मग दुसरं, मग तिसरं. एवढ्या अवजड चोचीचा पक्षी एवढंसं फळ इतक्या नाजूकपणे देतो-घेतो, हे कितीही वेळा बघितलं तरी मला पुरत नाही. अधूनमधून फटीतून विष्ठेची पिचकारी थेट बाहेर येते, आत घाण राहू देत नाही ती. त्या विष्ठेतून आणि ओकलेल्या बियांतून झाडाखाली रोपांची दाटी उगवते. त्या रोपांची जात आणि उंची आम्ही लिहून घेतो. मादीनं गेल्या काही वर्षांत काय खाल्लं त्याचा तो जिवंत दाखला असतो.

जगात धनेशाच्या साठेक जाती आहेत, आफ्रिकेत आणि आशियात, पूर्वेला न्यू गिनी आणि सॉलोमन बेटांपर्यंत. दक्षिण अमेरिकेत एकही नाही. तिलारीला येणारे पर्यटक फोटो दाखवून ‘टूकन दिसला’ म्हणतात तेव्हा मी थांबून समजावून सांगते: टूकन हा आपल्या तांबटाच्या आणि सुताराच्या गोतावळ्यातला, धनेश वेगळ्याच घराण्यातला. उंच झाडावरची फळं तोडायला लांब चोच दोघांनाही उपयोगी पडली, इतकाच संबंध. धनेशांना एकत्र बांधणाऱ्या खुणा आतल्या आहेत. मानेचे पहिले दोन मणके त्यांच्यात जोडलेले असतात; चोच आणि शिरस्त्राण पेलायला हा जोड लागत असावा, असं बहुतेक अभ्यासक मानतात. डोळ्यांना लांब पापण्यांसारखी पिसं असतात. आणि सगळ्यांत मोठी खूण म्हणजे ढोली लिंपणं.

या शेवटच्या खुणेला एकच अपवाद आहे आणि तो फार बोलका आहे. आफ्रिकेच्या गवताळ मुलखात जमिनीवर चालत शिकार करणारे दोन मोठे काळे धनेश आहेत, भूधनेश म्हणूया. ते साप, टोळ, कासवं खातात आणि झाडाच्या किंवा कड्याच्या कपारीत घरटं करतात, पण तोंड लिंपत नाहीत. दक्षिण आफ्रिकेचे अॅलन केम्प यांनी धनेशांवर हयात घालवली. 1995 साली आलेल्या त्यांच्या ग्रंथात भूधनेशांना स्वतंत्र कुळाचा मान दिलेला आहे. म्हणजे ढोली लिंपणारे सगळे एका बाजूला आणि न लिंपणारे हे दोघे दुसऱ्या बाजूला. पुढे डीएनएनंही हा फाटा फार जुना असल्याचं दाखवलं. मला यात आवडतं ते असं की शास्त्रज्ञांनी आखलेली कुळाची सीमा एका गृहिणीच्या कामाशी नेमकी जुळते. हाड आणि पीस यांच्याइतकंच वागणंही पुरावा असतं.

आणखी मागे गेलं तर धनेशाचे जवळचे भाऊबंद म्हणून हुदहुद येतो. पूर्वी धनेशांना खंड्या, नीलपंख, वेडा राघू यांच्यासोबत एकाच मोठ्या गणात बसवत. सलीम अली आणि डिलन रिप्ले यांच्या दहा खंडांच्या हँडबुकमध्येही तीच मांडणी आहे. आता हुदहुद, आफ्रिकेतले वनहुदहुद आणि धनेश यांचा वेगळा गण मानतात. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला नवल वाटलं. कुठे तो शेतात टुकूटुकू किडे टोचणारा हुदहुद आणि कुठे महाधनेश! पण हुदहुदाची मादीही भिंतीच्या किंवा झाडाच्या भोकात अंड्यांवर बसून राहते आणि नर तिला बाहेरून खाऊ आणून देतो. आमच्या शाळेच्या पडक्या गडग्यात हुदहुदाचं घरटं असायचं. आता तिथे बघताना धनेशाच्या भिंतीची सुरुवात कुठून झाली असेल असा विचार येतोच.

चारही जाती आपल्याच डोंगरातल्या, पण त्यांच्या नावांचा प्रवास जगभरातून झाला. महाधनेशाचं शास्त्रीय नाव लिनियसनं 1758 साली ठेवलं, ब्युसेरॉस बायकॉर्निस. पक्षी चीनमधला, असं त्यानं लिहिलं होतं. त्यानं तो जिवंत कधी पाहिला नव्हता. जहाजांनी आणलेल्या कातड्यांवरून आणि चोचींवरून युरोपात काम चालायचं. राखी धनेशांचं तर आणखी गुंतागुंतीचं. अॅलन ह्यूम, म्हणजे 1885 साली मुंबईत काँग्रेसचं पहिलं अधिवेशन भरलं त्यामागचे ह्यूम, हे त्या काळातले भारतातले मोठे पक्षितज्ज्ञ होते. त्यांनी 1873 साली आपल्या राखी धनेशासाठी ऑसिसेरॉस अशी वेगळी प्रजाती सुचवली. त्याच साली अंदमानच्या पूर्वेकडच्या नारकोंडम बेटावरच्या धनेशाचं पहिलं वर्णनही त्यांनीच केलं. सुमारे सात चौरस किलोमीटरचं ते ज्वालामुखीचं बेट, आणि तो धनेश पृथ्वीवर फक्त तिथेच. पण ऑसिसेरॉस हे नाव पुढे बाजूला पडलं. लहान, राखाडी, साध्या चोचीचे धनेश आफ्रिकेतही खूप आहेत, त्यांची प्रजाती टॉकस. आपले राखी धनेशही त्यांच्यातच घातले गेले. हँडबुकमध्ये दोन्ही राखी धनेश टॉकस म्हणूनच आहेत आणि आमच्या पिढीतल्या अनेकांनी तेच नाव पाठ केलं.

मी एका जुन्या संग्रहात पक्ष्यांची कातडी बघायला गेले होते. कापूस भरलेला पक्षी उताणा ठेवलेला, पाय दोऱ्यानं बांधलेले आणि पायाला चिठ्ठी. चिठ्ठीवर पक्षी मारल्याची तारीख, गाव, नर की मादी. ही माहिती कधी बदलत नाही. नाव मात्र पेन्सिलीनं खोडून वर दुसरं लिहिलेलं. मलबारी राखी धनेशाच्या एका चिठ्ठीवर टॉकस खोडून ऑसिसेरॉस लिहिलेलं मी पाहिलं आणि बराच वेळ ती हातात धरून उभी राहिले. ह्यूम यांनी सुचवलेलं नाव शंभरहून अधिक वर्षांनी परत आलं होतं. डीएनएच्या अभ्यासातून हे पक्कं झालं. 2013 साली हुआन-कार्लोस गोन्झालेझ आणि सहकाऱ्यांनी जगातल्या जवळपास सगळ्या धनेशांची वंशावळ मांडली. तिच्यानुसार आपल्या राखी धनेशांचं सख्खं नातं आफ्रिकेतल्या टॉकसशी नाही, ते आहे आशियातल्या कवड्या धनेशांशी. म्हणजे आमच्याच रानातल्या ककणेराशी.

मला हा निकाल वाचून जो आनंद झाला तो सांगायला हवा. रंगानं बघितलं तर ककणेर काळापांढरा आणि राखी धनेश धुळीच्या रंगाचा. शिरस्त्राण एकाला भलं मोठं, दुसऱ्याला नाहीच. डोळ्यांना काही जुळत नाही. पण उन्हाळ्याच्या सकाळी दोन्ही जातींचे नर एकाच उंबरावर आले आणि आवाज करायला लागले की त्या खिदळण्यात एक सारखी धाटणी ऐकू येते. ककणेराची किंचाळी उंच आणि कर्कश, मलबारी राखीचं हसणं खालच्या पट्टीत सुरू होऊन घरंगळत जाणारं. तरी लय ओळखीची. आवाजाचा पुरावा धनेशांच्या वर्गीकरणात खरोखर वापरला गेला आहे. आफ्रिकेतल्या टॉकसांमध्ये कुडकुड असा ओरडणाऱ्यांचा एक गट आणि शीळ घालणाऱ्यांचा दुसरा गट असल्याचं केम्प यांनी आधीच नोंदवलं होतं. पुढे डीएनएमध्येही तीच फूट निघाली आणि शीळ घालणारे वेगळ्या प्रजातीत गेले. दिसण्यावर विसंबून केलेला एक जुना जोडही याच काळात सुटला. आफ्रिकेत पांढऱ्या तुऱ्याचा, लांब शेपटीचा एक धनेश आहे आणि मलेशिया-सुमात्रात त्याच्यासारखाच पांढऱ्या डोक्याचा. दोघांना कधीकाळी एकाच प्रजातीत ठेवलं होतं. ते जवळचे नातलग नाहीत.

कवड्या धनेशांच्या बाबतीत तर नावानं अनेक वर्षं गोंधळ घातला. भारतात कवड्या धनेश दोन. एक आपला दक्षिणेचा, मध्य भारतापर्यंत पसरलेला. दुसरा हिमालयाच्या पायथ्याचा आणि ईशान्येचा. जुन्या पुस्तकांत उत्तरेकडच्या पक्ष्याचं शास्त्रीय नाव मलबारिकस होतं, आणि आपला खरा मलबारी मात्र कोरोनॅटस. आता उत्तरेकडच्याला अल्बिरोस्ट्रिस म्हणतात. पूर्व-मध्य भारतात दोघांचे मुलूख एकमेकांना भिडतात, तिथे जुनी नोंद वाचताना लिहिणाऱ्यानं कोणतं पुस्तक वापरलं हे आधी शोधावं लागतं. रानात ओळखायला मी शिकाऊ मुलांना शेपटी बघायला सांगते. पक्षी डोक्यावरून उडत जाताना शेपटीच्या बाहेरच्या पिसांकडे बघा. ती पूर्ण पांढरी असतील तर आपला, काळी असून फक्त टोकं पांढरी असतील तर उत्तरेचा. चोच, शिरस्त्राण, डोळ्याभोवतीची कातडी हे सगळं नर-मादीत आणि वयात बदलतं. ककणेराच्या मादीची डोळ्याभोवतीची कातडी फिकट गुलाबी-पांढरी असते, नराची काळी. त्यावरून लिंग कळतं, जात कळत नाही.

मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचं चिन्ह महाधनेश आहे, हे आपल्याकडच्या बहुतेक पक्षिमित्रांना माहीत असतं. त्यामागे एक खराखुरा पक्षी आहे. कारवारहून 1894 साली आलेलं पिल्लू, नाव विल्यम, सोसायटीच्या कार्यालयात 1920 पर्यंत राहिलं. सव्वीस वर्षं. येणाऱ्या-जाणाऱ्यांना तो पिंजऱ्यात दिसायचा. आपल्या किनाऱ्यालगतच्या डोंगरातला एक धनेश त्या काळच्या अभ्यासकांच्या रोजच्या नजरेसमोर होता, पण त्याची मादी ढोलीत कशी राहते, किती दिवस राहते, हे नीट मोजायला कोणाला तरी रानात महिनोनमहिने बसावं लागलं. ते काम फार नंतर झालं. थायलंडमध्ये पिलाई पूनस्वाड यांनी 1978 पासून ते सुरू केलं. आपल्याकडे अण्णामलईच्या डोंगरांत दिव्या मुदप्पा यांनी मलबारी राखी धनेशाचा वीणकाळ तपासला, अरुणाचलात अपराजिता दत्ता यांनी तिथल्या धनेशांचा. हे सगळं वाचूनच मी बसायला शिकले.

वीणकाळात जाती-जातींचं वेगळेपण उघडं पडतं. महाधनेशाची मादी पिल्लू अर्धवट वाढलं की भिंत फोडून बाहेर येते, आणि आतलं पिल्लू स्वतःच ती भिंत पुन्हा लिंपून घेतं! कोणी शिकवलेलं नसताना. मग दोघं मिळून त्याला भरवतात. मलबारी राखी धनेशाची मादी मात्र पिल्लांबरोबरच शेवटपर्यंत आत राहते. सुमारे तीन महिने सगळा भार एकट्या नरावर. बऱ्याच जातींत मादी आत असताना उडायची पिसं एकदमच गाळते, म्हणजे त्या काळात नराला काही झालं तर ती उडून जाऊही शकत नाही. नामदफाच्या रानातल्या तपकिरी धनेशाकडे आणखी वेगळी रीत: एका मादीला भरवायला एकाहून जास्त नर येतात. कोणत्या फांदीवर ही सवय उगवली, कोणती आधीची, कोणती नंतरची, हे वंशावळ समोर असल्याशिवाय विचारताही येत नाही. म्हणून मी म्हणते की नावाचा रकाना हा पहिलाच असला पाहिजे.

नाव ठरण्याचा दुसरा परिणाम जास्त व्यवहारी आहे. मलबारी राखी धनेश आणि श्रीलंकेतला राखी धनेश पूर्वी एकाच जातीत मोजले जायचे. आता ते वेगळे मानतात. ज्या दिवशी हे मान्य झालं त्या दिवशी रानात काहीही बदललं नाही, पण आपल्यावरची जबाबदारी बदलली. नाशिकच्या आसपासपासून दक्षिणेला सह्याद्रीच्या टोकापर्यंत एवढाच त्याचा मुलूख. त्याच्या बाहेर जगात तो कुठेही नाही. एकत्र मोजला जात असताना श्रीलंकेतले पक्षी त्याच्या खात्यावर जमा होते. आता नाहीत. आंतरराष्ट्रीय लाल यादीत 2020 पासून तो असुरक्षित गणला जातो, महाधनेश 2018 पासून. ग्रामसभेत किंवा जमीनमालकाच्या ओटीवर मी जेव्हा म्हणते की हा पक्षी फक्त आपल्या डोंगरांत आहे, तेव्हा लोक वेगळ्या तऱ्हेनं ऐकतात. गोंडवनात आहे, आसामात आहे, सगळीकडे आहे असं म्हटल्यावर जे ‘मग काय झालं’ मनात येतं, ते येत नाही.

कोकणातलं रान बरंचसं खासगी मालकीचं आहे, हे शहरातल्या माणसाला चटकन लक्षात येत नाही. ढोलीचं झाड अभयारण्यात असेल तर वनखात्याशी बोलता येतं. ते कोणाच्या तरी सातबारावर असेल तर त्या कुटुंबाशी बोलावं लागतं. काजू आणि रबर लावायला डोंगर उतरणी साफ होतात. बेहड्याचं लाकूड फर्निचरच्या कामाचं नाही, म्हणून कोणी जपत नाही. जळाऊ म्हणून ठेकेदार सगळ्या लॉटमध्ये तो घेऊन जातो. मालक वाईट नसतात. मुलीचं लग्न, घराची दुरुस्ती, दवाखाना, अशी कारणं असतात आणि झाडांचा भाव हातात रोख येतो. आम्ही एकेक झाड मागतो, सगळं रान नाही. देवराईतल्या झाडाला कोणी हात लावत नाही, तो आधार फार मोठा. पण महाधनेशाला एवढ्याशा देवराईत वर्षभर पुरेल इतकं फळ कुठून मिळणार? उंबर, वड, नांद्रुक वेगवेगळ्या महिन्यांत फळतात आणि नर त्यामागे लांब लांब जातो. ढोली वाचली आणि वाटेवरचे नांद्रुक गेले तर ढोली रिकामी राहते. धनेशाचं तेल सांधेदुखीवर चालतं अशी समजूत अजून आहे, तीही अधूनमधून एखाद्या नराचा जीव घेते. ढोलीत मादी आणि पिल्लू असताना नर मेला म्हणजे काय होतं ते सांगायला नको.

इतर ठिकाणी काय केलं जातं त्याकडे माझं लक्ष असतं. अरुणाचलातल्या पक्के व्याघ्र प्रकल्पाभोवती गावकरी पगार घेऊन घरट्यांवर राखण करतात आणि न्यिशी लोकांच्या शिरोभूषणात खऱ्या चोचीऐवजी फायबरची चोच लावायची पद्धत रुजली. थायलंडच्या बुडो डोंगरात पूर्वी पिल्लं चोरणारेच पुढे घरट्यांचे राखणदार झाले. दोन्हीकडे एक गोष्ट सारखी दिसते: राखण करणाऱ्या माणसाला आपल्या झाडावर नेमका कोण आहे ते माहीत असतं, त्याचा दिनक्रम तोंडपाठ असतो.

आमच्याकडे सध्या झाडाखालच्या रोपांचं काम जोरात आहे. महाधनेशाचा घसा रुंद, त्यामुळे रानजायफळासारखी मोठ्या बियांची फळं तो सबंध गिळतो आणि बी दूर नेऊन टाकतो. मलबारी राखी धनेश लहान, तो लहान बिया भरपूर पसरवतो. मोठ्या बियांना त्याची मर्यादा पडते. ककणेर काजऱ्याची फळंही खातो, ज्यांचं बी इतर बहुतेक प्राण्यांना विष. एका जातीचं काम दुसरी करत नाही. म्हणून कोणत्या ढोलीखाली कोणती रोपं, किती मोठ्या बियांची, याची मोजदाद जातवार वेगळी ठेवतो आहोत. काकांना सगळ्या रोपांची नावं येतात, पुस्तकातली मला येतात. आम्ही दोघं उकिडवे बसून एकेक पान चुरगळून वास घेतो, ते मालवणी नाव सांगतात, मी लिहिते. पावसाआधी तीन ढोल्यांची मोजणी उरकायची आहे, आणि त्यातला एक बेहडा ज्यांच्या जमिनीत आहे त्यांना पुढच्या आठवड्यात भेटायचं ठरलं आहे. त्यांच्या धाकट्या भावाला वाटणी हवी आहे आणि झाड नेमकं बांधावर येतं.